कंबर माझी, थरही माझाच

आषाढ निम्मा झाला की आमच्या बिल्डिंगमागच्या मैदानातून शिट्टी ऐकू येते. एक लांब, मग दोन तुटक. लांब म्हणजे जमा व्हा, तुटक म्हणजे थर बांधा. कांदिवलीत संध्याकाळी आवाजांना काय तोटा? शेजारच्यांचा कुकर, खाली रिक्षावाल्यांची भांडणं, वरच्या मजल्यावरचा तबल्याचा क्लास. पण ही शिट्टी माझ्या कानात शिरत नाही, सरळ खांद्यांत शिरते. तव्यावरची चपाती तशीच राहते आणि खांदे आपोआप ताठ होतात. आमचे हे आतून ओरडतात, "मनीषा, चपाती जळतेय!" जळू दे. एक चपाती जळली म्हणून कांदिवली काही उपाशी झोपत नाही.

आता सांगूनच टाकते. मी पन्नाशीला टेकलेली बाई आहे, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, मला कॉलेजात जाणारी मुलगी आहे, आणि मी आमच्या महिला गोविंदा पथकात पहिल्या थरात उभी राहते. हे ऐकल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी मला म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुम्ही पथकाचं मॅनेजमेंट बघता ना?" नाही गं बाई, मॅनेजमेंट नाही. माझ्या खांद्यांवर माणसं उभी राहतात. खरीखुरी, पायांनी.

पहिला थर म्हणजे सगळ्यात खालचा. फोटो येतो तो टोकावरच्या पोरीचा, हंडीला हात घालणारीचा. यावा, तिचा हक्कच आहे. पण आम्हाला हंडी दिसतसुद्धा नाही. माना खाली, डोकी आत, हात एकमेकींच्या खांद्यांवर घट्ट. डोळ्यांसमोर चिखल, पायांची बोटं आणि शेजारणीच्या टी-शर्टवर पसरत जाणारा घाम. कोणाच्या अंगाला मलमाचा वास, कोणाच्या केसांना खोबरेलाचा, आणि मैदानात पसरलेल्या ओल्या रबरी मॅटचा वास तर सगळ्यांवर कळस. वर काय चाललंय ते गर्दीच्या ओरडण्यावरून ओळखावं म्हटलं तर तेही जमत नाही. हंडी फुटली तरी लोक ओरडतात आणि थर कोसळला तरी तेवढंच ओरडतात. आम्हाला कळतं ते फक्त वजनावरून.

आणि माझ्यापुरतं बोलायचं तर वजन म्हणजे सुलू. सुलभा. शाळेत आम्ही दोघी एकाच संघातून कबड्डी खेळायचो, आता ती स्टेशनजवळ पोळीभाजीचं दुकान चालवते आणि दर श्रावणात माझ्या खांद्यांवर उभी राहते. तिचे पाय मी डोळे मिटून ओळखते. डोळे मिटूनच ओळखावे लागतात म्हणा. टाचा दिवसभर उभं राहून चिरलेल्या, उजव्या तळव्याला भोवरी, आणि ती भोवरी नेमकी माझ्या खांद्याच्या हाडावर टोचते. नीट उभी राहिली की सुलू पायाचा अंगठा दोनदा दाबते. म्हणजे, "आहेस ना?" मी खांदे जरासे वर उचलते. म्हणजे, "आहे." बोलायची सोय नसते, म्हणून आमचं हे असं ठरलेलं. कोणी ठरवलं, कधी, आठवत नाही.

शिट्टी वाजली की मला एकच श्रावण आठवतो. त्या वर्षी सगळ्या जगाने मिळून ठरवलं होतं की मनीषाने आता बसायचं.

कंबर गेली ती हंडीत नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की कमरेपेक्षा तोंड जास्त दुखलं. कंबर गेली गोधडीने. चैत्रात थंडीच्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या. त्यात आईच्या जुन्या साड्यांची एक आहे, कोरडी असताना पोरगीसुद्धा उचलेल, पण भिजली की म्हैस. ती टबातून उपसून काढली, पिळायला म्हणून तशीच वळले आणि कमरेत कोणीतरी करकचून गाठ मारली. ना वर होता येईना, ना खाली. एका हाताने नळ धरलेला, दुसऱ्या हातात गोधडी. ह्यांना हाक मारली. हे मॅच बघत होते, म्हणाले, "ही ओव्हर संपू दे, आलोच." आले आणि मला बघून पांढरेफटक पडले, तो भाग वेगळा.

मग पलंग. कूस बदलायची म्हणजे एक प्रकल्प. सुलू दुकानातून दुपारी यायची, माझ्या तोंडात पेजेचे चमचे घालायची आणि तिकडे तोंड वळवून डोळे पुसायची. मला वाटायचं, अगं मी मेले नाहीये, मला नुसतं वळता येत नाहीये. पण हसायला गेलं तरी कमरेत कळ यायची, म्हणून गप्प राहायचे.

हाडांचे डॉक्टर भले गृहस्थ. एमआरआय बघितला, म्हणाले मणक्यामधली गादी थोडी बाहेर आलीय, ऑपरेशनची गरज नाही, औषधं घ्या, बरं वाटेल. इथपर्यंत झकास. मग विचारलं, "व्यायाम वगैरे काही?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "या वयात?" मग माझ्याशी बोलायचं सोडून ह्यांच्याशी बोलू लागले. "हे सगळं आता बंद करायला सांगा. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. आराम." हे मान डोलवत होते. दोघांमध्ये मी बसले होते, कंबरपट्टा बांधून, पार्सलसारखी.

आणि घरी आल्यावर काय सांगू! हंडी माझ्या आयुष्यातून काढून टाकायला एकेकजण कसा सरसावून पुढे आला. सोसायटीतले काका, ऑफिसातल्या मैत्रिणी, सासरचे, माहेरचे. "झाली ना हौस? आता पुरे." ज्यांनी कधी एकदा येऊन थर बघितला नव्हता तेही मला थराचे धोके समजावत होते. पण गंमत बघा. हंडी सोड म्हणणाऱ्या एकाही तोंडातून बादली सोड असं निघालं नाही. पाणी यायचं बंद झालं की पिंपातून बादल्या कोण काढतं? माळ्यावरचे डबे कोण उतरवतं? रिकामा सिलिंडर दारापर्यंत कोण गोल गोल फिरवत नेतं? पाहुणे आले की गाद्या कोण अंथरतं आणि सकाळी कोण घड्या घालतं? नणदेने फोनवर मला हंडीवरून मनसोक्त झापलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणते, "गणपतीला मोदक तूच करशील ना गं? तुझ्यासारखी उकड कोणाला मळता येत नाही." म्हणजे माझी कंबर उकडीला चालते, गाद्यांना चालते, गोधडीला चालते. फक्त मला हौस वाटेल त्या गोष्टीला चालत नाही. डोकं असं तडकलं माझं, की सांगायची सोय नाही.

रागाखाली भीती होती, तीही सांगते. माझे बाबा गिरणीत होते, खात्यात उभं राहून काम करणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या मैदानात कबड्डीला हमखास उतरायचे. गिरणी गेली, आम्ही परळ सोडून कांदिवलीला आलो, आणि इथे आल्यावर त्यांची कंबर धरली. तेव्हाही कोणीतरी म्हणालं, आराम करा. बाबांनी शब्द पाळला. खिडकीजवळ खुर्ची टाकली आणि बसले. आधी मैदानात जायचे थांबले, मग बाजारात, मग जिना उतरायचे. संध्याकाळी इथल्या मंडळाची पोरं "काका, या ना" म्हणून खालून हाक मारायची आणि बाबा खिडकीतून हात हलवायचे. तो हलणारा हात मला अजून दिसतो. कंबर बरी झाली होती हो त्यांची, उठायची सवय गेली होती. त्या वैशाखात मी पलंगावरून उठून पहिल्यांदा खुर्चीत बसले, ती ह्यांनी प्रेमाने नेमकी खिडकीजवळ ठेवली होती. मी म्हटलं, "ही खुर्ची इथून हलवा." ह्यांना कळेना. "अगं, वारा येतो इथे." मी म्हटलं, "हलवा म्हणते ना!"

अंधेरीला जायचं ऋतुजाने काढलं, म्हणजे माझ्या लेकीने. मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. त्यात एक धिप्पाड माणूस दुसऱ्या धिप्पाड माणसाची पाठ अशी काही दाबत होता की कडाड् आवाज यायचा आणि दाबून घेणारा देव दिसल्यासारखा हसायचा. "कायरोप्रॅक्टर म्हणतात यांना, आई. हातांनी मणक्याचे, सांध्यांचे उपचार करतात. धावणारे, जिमवाले, क्रिकेटवाले सगळे जातात." हे म्हणाले, "हाड मोडून घ्यायला अंधेरीपर्यंत कशाला? मी देतो की इथेच." ऋतुजाने एक बाई शोधली होती, रीळबिळ न करणारी. केतकी तिचं नाव. ज्येष्ठातल्या एका सकाळी आम्ही मायलेकी रिक्षा करून गेलो. बाहेर बाकावर रंगीत बुटांची माणसं बसलेली, मॅरेथॉनच्या गोष्टी करत होती. मी कंबरपट्टा आणि कॉटनची साडी. एकीने सहानुभूतीने विचारलं, "पडलात का, काकू?" मी म्हटलं, "नाही. खेळाडू आहे." ऋतुजा खो-खो हसत सुटली. मी मुळीच हसले नाही.

केतकी माझ्यापेक्षा बरीच लहान. मला ताई म्हणायची, मी तिला डॉक्टर. तिने एमआरआय बघितला, मला पुढे-मागे वाकवलं, पाय उचलायला लावले, पायांच्या बोटांवर चालवलं, टाचांवर चालवलं. आणि मग जे विचारलं ते इतक्या महिन्यांत कोणीही विचारलं नव्हतं. कुठे दुखतंय हे सगळ्यांनी विचारलं. तिने विचारलं, "तुम्हाला परत काय करता यायला हवंय?" आणि मला रडू आलं. धो धो. एवढी मी खमकी बाई, पण त्या टेबलावर बसून पोरीसारखी रडले. म्हटलं, "मला खाली उभं राहायचंय. खांद्यांवर माणसं घेऊन."

तिला आधी कळलंच नाही. मग तिला आणि ऋतुजाला खांद्यांना धरून मी तिथल्या तिथे तिघींचा थर बांधून दाखवला. ती माझ्या गुडघ्यांकडे, पावलांकडे, खुब्यांकडे बघत होती. म्हणाली, "लगेच नाही. पण नाहीच, असंही मी म्हणणार नाही. हळूहळू भार वाढवत बघू. मध्येच शरीर नाही म्हणालं तर तेही ऐकायचं, कबूल?" मी कबूल म्हटलं. त्या क्षणी तिने मला हिमालय चढायला सांगितला असता तरी मी कबूल म्हटलं असतं.

तिने पाठीवर हात फिरवला, एका कुशीवर वळवलं, दाबलं, आणि तो प्रसिद्ध आवाज आला. मी उत्साहाने विचारलं, "बसला मणका?" ती हसली. "ताई, मणका काय रिक्षा करून फिरायला गेला होता, परत येऊन बसायला? आवाज सांध्यातल्या हवेचा असतो. थोडं सैल वाटेल, हलायला सोपं जाईल. पण आवाजाने थर उभा राहत नाही. ते काम तुम्ही घरी करायचं, रोज." मानेला तिने हात लावला नाही, आणि कोणाला लावू द्यायचा नाही म्हणून बजावलं. पथकात कोणी हौशी असतातच, हाताने मान कडकड मोडून देणारे. पाय बधिर पडला, लघवी-संडासावरचा ताबा गेल्यासारखं वाटलं, तर माझ्याकडे यायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, असं दोनदा म्हणवून घेतलं. माझ्यादेखत तिने हाडांच्या डॉक्टरांना फोनही लावला. ते काय म्हणाले कोण जाणे, पण फोन ठेवून ती म्हणाली, "सावकाश म्हणाले."

मग घरी सुरू झालं. पाठीवर मॉपचा दांडा आडवा नाही, उभा धरायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड त्याला टेकलेलं ठेवायचं, आणि वाकायचं ते खुब्यातून. कमरेतून नाही. दारं बंद करून करायचे, कारण सोसायटीतल्या बायका म्हणाल्या असत्या, हिचं डोकंही सरकलं. आधी रिकामी बादली उचलायची, मग अर्धी, मग भरलेली. एका हातात पिशवी धरून घरभर ताठ चालायचं. श्वास पोटात भरून धरायचा आणि मग उठायचं. हे सोफ्यावरून बघत होते. म्हणाले, "हे व्यायाम आहेत की घरकाम?" मी म्हटलं, "तेच ना! आयुष्यभर हेच उचललं. कसं उचलायचं ते आत्ता कोणी शिकवलं." काही दिवस फार दुखायचं. काही दिवस इतकं बरं वाटायचं की मी उगाच जास्त करायची आणि दुसऱ्या दिवशी केतकीची बोलणी खायची. कंबरपट्टा एक दिवस खुंटीवर टांगला. तो अजून तिथेच आहे, त्याला मी छत्री अडकवते.

हे लिहिताना खाली पुन्हा शिट्टी झाली. आज गुरुपौर्णिमा. सरावाचा नारळ आज फुटतो. त्या वर्षीही मी नारळाला गेले होते, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, कोणी काही बोलायच्या आत. वंदनाताई आमच्या प्रशिक्षक, एकेकाळच्या नावाजलेल्या खेळाडू, फार बोलत नाहीत. "डॉक्टर हो म्हणाली?" "टप्प्याटप्प्याने म्हणाली." "मग टप्प्याटप्प्याने ये." त्यांनी मला आधी बाहेरच्या घेऱ्यात घातलं, म्हणजे थराला बाहेरून छातीने रेटून धरणाऱ्या बायकांत. मग आत घेतलं, पण खांद्यांवर कोणी नाही. मग बसलेली एक पोर. श्रावण लागला तरी सुलू माझ्यावर चढली नव्हती. सराव झाला की आम्ही चणे-कुरमुरे खात मॅटवर बसायचो, ती माझ्या पाठीला पाठ लावून बसायची आणि काहीच विचारायची नाही. सुलू न बोलणारी म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला कळायला हवं होतं.

गोपाळकाल्याच्या आधीचा रविवार. पहिल्यांदाच पूर्ण थर बांधायचे होते. मी आतल्या रिंगणात, हात घट्ट, मान खाली. आदल्या दिवशी केतकीने सगळं पुन्हा तपासून हो म्हटलं होतं. शिट्टी. मांडीवर पाय आला, मग खांद्यावर. उजवा, मग डावा. मी वाट बघत होते. भोवरी टोचली नाही. टाचा गुळगुळीत. आणि अंगठा दाबला गेलाच नाही. वजन तर असं, जणू कोणी खांद्यांवर वाळत घातलेला दुपट्टा. हे सुलूचे पाय नाहीत. खालून मला कोणाचं तोंड दिसत नव्हतं, पण माझ्या शेजारी जयश्री उभी होती, तिच्या गुडघ्याला आलेली थरथर दिसत होती. सगळा डोलारा तिच्या बाजूला कलत होता. कारण तिच्यावर सुलू होती. ठरल्या जागा बदलल्या होत्या, मला न सांगता, वंदनाताईंनाही न सांगता. आतल्या रिंगणात एकीवर दुपट्टा आणि एकीवर दगड असेल तर थर उभा राहतो कसा? नाहीच राहिला. "उतरा! उतरा!" वंदनाताई ओरडल्या आणि वरच्या पोरी मॅटवर धपाधप आल्या. नशीब, कोणाला लागलं नाही.

माझ्या खांद्यांवर चढवलेली पोर म्हणजे प्राजक्ता, आमच्यातली सगळ्यात काडी. ती रडायलाच लागली. "सुलूमावशीनेच सांगितलं मला, म्हणाली मनीषाताईला कळणार नाही."

कळणार नाही! ज्या बाईचे पाय मी इतकी वर्षं अंगावर घेतले तिला वाटलं की मला कळणार नाही! मी मॅट ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सुले, काय केलंस हे?"

"काय नाय. तुझ्यावरचा भार कमी केला." नजर जमिनीवर.

"कोणी मागितला होता कमी करून?"

"मनू, ऐक ना."

"नाही ऐकत. डॉक्टर म्हणाले बस, नवरा म्हणाला बस, नणंद म्हणाली बस. तू पण? आणि वर चोरून? अगं, ते निदान तोंडावर तरी बोलले!"

तेव्हा मात्र सुलू उसळली. रागावली की तिची मालवणी बाहेर पडते. "तुका तशी आडवी पडलेली बघितलंय मी! पेज भरवलंय! तुका कायव झाला तर मी कोणाच्या खांद्यार चढू गो?" आणि भर मैदानात, सगळ्या पोरींसमोर, ढसाढसा रडायला लागली. माझा राग अर्ध्यावर अडकला. तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली, खरं सांगते. शेवटी मी तिचे खांदे धरून गदागदा हलवले. म्हटलं, "आडवी बघितलीस ना? मग आता उभी बघ. तुझं वजन माझं आहे. ते जयश्रीला द्यायचा तुला काही अधिकार नाही. मला परत दे."

वंदनाताई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सुलूला नियम मोडल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मग माझ्याकडे वळल्या. "दुखतंय?" "खरंच नाही." "दुखलं तर खालून हाक मारशील? पोरी वर असताना लपवणार नाहीस?" मी लेकीची शपथ घेतली. "मग उद्या सुलू तुझ्यावर," एवढंच म्हणाल्या आणि शिट्टी मारली.

गोपाळकाल्याला आमचा ट्रक बोरिवलीपासून फिरत फिरत दुपारी मुलुंडला पोचला. सकाळच्या हंड्यांना फक्त सलामी दिली होती, कमी थरांची. मुलुंडला पूर्ण थर लावायचे होते. चिखल, पाण्याचे फवारे, कानाचे पडदे फाटतील एवढे स्पीकर. हे आणि ऋतुजा गर्दीत कुठेतरी उभे होते. ह्यांनी सकाळी निघताना फक्त एवढंच विचारलं होतं, "पाणी घेतलंस का?" त्यांच्याकडून ती मोठीच माघार होती. स्टेजवरचा निवेदक माईकवर म्हणाला, "आता येतायत आपल्या माता-भगिनी! नाजूक हातांनी आज थर रचणार! टाळ्यांनी स्वागत करा!" माझ्या बाजूला जयश्री पुटपुटली, "ये खाली, दाखवते नाजूक." आम्ही सगळ्या खिदळलो. मग शिट्टी झाली आणि हसू थांबलं. हात खांद्यांवर गेले. मान खाली. केतकीने शिकवलेलं एकेक आठवलं. पावलं रुंद, भार टाचांवर आणि बोटांवर सारखा, श्वास पोटात.

मांडीवर पाय आला. कमरेला धरून कोणीतरी वर चढलं. उजव्या खांद्याच्या हाडावर भोवरी टोचली. अशी टोचली की मला वाटलं ओरडून नाचावं. मग डावा पाय आला. पण वजन पूर्ण नव्हतं. सुलू अजून चोरत होती. शेजारणींच्या खांद्यांना हाताने दाबून अंग उचलून धरत होती, मला कमी लागावं म्हणून. वेडी. मी मान न उचलता, चिखलाकडे बघत, सगळा जोर लावून ओरडले, "सुले, पूर्ण!"

स्पीकरच्या गोंगाटात तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पण वरून हळूहळू वजन उतरलं. सगळं. तिच्या दुकानातल्या कणकेच्या पराती, तिचे दिवसभराचे उभे पाय, तिची भीती, सगळं माझ्या खांद्यांवरून पाठीतून खुब्यांत आणि खुब्यांतून टाचांत गेलं. कमरेत काही झालं नाही. मग अंगठा दाबला गेला. एकदा. मी थांबले. पुन्हा. मी खांदे उचलले. मग तिच्या वरच्या चढल्या, आणि त्यांच्याही वरच्या, आणि दर वेळी वजन थोडं थोडं वाढत गेलं. कधीतरी गर्दी ओरडली. फुटली की कोसळली, कळायला मार्ग नव्हता. मग मानेवर गार दह्याचा ओघळ आला.

आज गुरुपौर्णिमा, आणि तीच आईची गोधडी टबात भिजत पडलीय. थंडीनंतर धुवायची राहून गेली होती. आता पावसात वाळायला आठवडा लागेल, लागू दे. खाली शिट्टी झाली म्हटल्यावर हे उठले आणि बाह्या सरसावून टबाजवळ गेले. मी चपला घालत होते, ते कमरेतून वाकलेले बघितले. "खुब्यातून!" मी दारातून ओरडले. "कमरेतून नाही हो, खुब्यातून!" ते वाकलेलेच "बरं, बरं" म्हणाले आणि मी जिना उतरले.

मैदानाच्या फाटकाशी सुलू उभी होती, नारळ हातात, केसांत जास्वंद. मला बघून जरा ओशाळली. "माझा वजन वाढलाहा हां गो ह्या वर्षी," ती म्हणाली. "आधीच सांगतंय."

"चढ," मी म्हटलं.